मगरखोऱ्यातून कापलेली तेवीस मिनिटं

मी एक जुना, पडेल चित्रपट आहे. हसलात ना? हसा, मित्रांनो, मला त्याची सवय आहे. माझं नाव 'मगरखोऱ्याचा शाप'. तुम्ही ते कधी ऐकलं नसेल आणि त्यात तुमचा काही दोष नाही. पडलेल्या चित्रपटाची आठवण ठेवणारी माणसं थोडीच असतात. माझ्या वाट्याला तीन आली, आणि त्यांतल्या दोघी माझ्याबद्दल एकमेकींशी एकतीस वर्षं अवाक्षर बोलल्या नाहीत. त्याचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म क्वीन्सलंडच्या उत्तरेला, हॅनलन्स क्रॉसिंग नावाच्या गावी झाला. तिथे जंगल संपतं तिथे ऊस सुरू होतो आणि ऊस संपतो तिथे समुद्र. माझा दिग्दर्शक नेव्हिल ट्रास्क. कथा त्याची, कॅमेरा त्याचा, दुपारचा चहाही त्यानेच उकळलेला. त्याआधी त्याने शेतीखात्यासाठी गुरांच्या गोचिडांवर एक माहितीपट काढला होता, आणि तो बघताना शेतकरी खुर्चीतच झोपले होते. पण नेव्हिलची उमेद दांडगी. एकदा तरी लोक श्वास रोखून बसतील असा सिनेमा काढायचा, हे त्याने पंधराव्या वर्षीच ठरवलं होतं आणि आता तो चव्वेचाळीसचा झाला होता.

संकलनासाठी त्याने गावात शिवणकाम करणाऱ्या रीटा झाम्बोनला गाठलं. तिचे वडील इटलीहून ऊस तोडायला आले होते. रीटा म्हणाली, "अरे, मला सिनेमातलं काय कळतं?"

"कापता येतं, जोडता येतं. आणखी काय लागतं?" नेव्हिल म्हणाला.

मी सर्वांत स्वस्त फितीवर जन्मलो. या फितीची एक गोम असते. कॅमेऱ्यात जी फीत फिरते, तीच धुऊन पडद्यावर दाखवायची. दुसरी प्रत नाही, मूळ प्रत वेगळी नाही. म्हणजे माणसासारखाच, मीही जगात एकुलता एकच होतो.

गोष्ट साधी होती. जंगलात पडलेलं एक विमान, त्यातलं सोनं, एक धाडसी वीर आणि त्याचा वाटाड्या. वीर म्हणून शेजारच्या गावात बोटींची इंजिनं विकणारा रॉडनी मिळाला. त्याचा जबडा छान होता, बाकी आनंद होता. जळू दिसली की तो गाडीत जाऊन बसायचा. मगर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबांची केली होती आणि तिला डाव्या बाजूला कलण्याची खोड होती. वाटाड्याचं काम करायला ब्रिस्बेनहून एक नट आला. तिसऱ्या दिवशी त्याने दम खाण्यासाठी एका हिरव्यागार पानावर हात टेकला. त्या झाडाच्या पानाची लव कातडीत शिरली की महिनोन्‌महिने ठणका राहतो. तो नट संध्याकाळच्या गाडीने जो गेला, तो परत फिरकला नाही.

नदीकाठच्या वस्तीतले एक वृद्ध गृहस्थ आमच्याबरोबर पहिल्यापासून होते. ते जंगल त्यांच्या वाडवडिलांचं. कुठल्या झाडाला हात लावायचा नाही, कुठल्या डोहात उतरायचं नाही, हे सांगायला नेव्हिलने त्यांना बोलावलं होतं. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांचं नाव मला ठाऊक आहे, पण मी ते घेणार नाही. नट पळाल्यावर नेव्हिलने काकांकडे पाहिलं, काकांनी आभाळाकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी काका वाटाड्या झाले.

नेव्हिलने त्यांना कागद वाचून दाखवला. "इथे मगर दिसते आणि तुम्ही घाबरून पळता."

"कोण पळतो?" काकांनी विचारलं.

"तुम्ही."

"माझ्या नदीवरून? माझ्या बहिणी बघणार ना हा सिनेमा? जेवायला वाढणार नाहीत मला."

"मग मगर दिसली की तुम्ही काय करता, काका?"

"दिसल्यावर काय करणार, कपाळ? जे करायचं ते आधी करायचं असतं. कॅमेरा चालू कर, दाखवतो."

मित्रांनो, त्यानंतर जे झालं ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. काका पाण्याच्या कडेला उभे राहिले. त्यांनी आपल्या काखेतला घाम तळहातावर घेतला आणि तो रॉडनीच्या डोक्यावरून, गालांवरून फिरवला. रॉडनीने नाक मुरडलं, तेही माझ्यात उमटलं. मग काकांनी नेव्हिलला कॅमेऱ्यामागून ओढून त्याच्या डोक्यावर हात फिरवला आणि शेवटी रीटाच्या. नदीला परक्याचा वास आवडत नाही. घरच्याचा घाम लागला की तिला कळतं, हा आपल्याच माणसाबरोबर आलाय. मग काकांनी नदीला हाक घातली, त्यांच्या भाषेत, लांबलचक, वर चढत जाणारी आणि पुन्हा खाली उतरणारी. त्यांनी आधी आपल्या आज्यापणज्यांची नावं घेतली, मग वळणांची, डोहांची, आणि शेवटी आमची सगळ्यांची. रॉडनीचं नावसुद्धा त्या हाकेत शोभून दिसलं.

हाक संपल्यावर त्यांनी नेव्हिलला सांगितलं, "आता तू माझा पुतण्या. उतर पाण्यात."

पुढचे पाच आठवडे काका रोज चित्रित झाले. वेलीच्या काट्यांत रॉडनीचा सदरा अडकला की ते न बोलता मागे येऊन तो सोडवत. जंगली अंजिराच्या झाडाखाली बसून त्यांनी रॉडनीला विस्तव कसा जपायचा ते दाखवलं, आणि रॉडनी अभिनय विसरून खरंच शिकला. रीटाने मला कापून जोडून चौऱ्याऐंशी मिनिटांचा केला आणि आपल्या शिवणघराच्या भिंतीवर लावून बघितलं. नेव्हिलने उठून दिवा लावला. मग म्हणाला, "रीटा, हा म्हातारा आहे म्हणून सिनेमा आहे. बाकी सगळ्या ट्यूबा."

"मला वाटलं, तुला कधी कळतंय," रीटा म्हणाली.

मार्चमध्ये गावच्या सभागृहात पहिला खेळ ठरला. सिडनीहून एक वितरक यायचा होता. त्याला मी आवडलो तर देशभर लागणार होतो. नेव्हिलने आयुष्यात पहिल्यांदा नवा कोट शिवायला टाकला. खेळाला तीन आठवडे होते, तेव्हा काका वारले.

ते वस्तीत, आपल्या माणसांत, झोपेत गेले. आठ दिवसांनी त्यांची मुलगी डेलमा आणि मुलगा क्लॅरी रीटाच्या शिवणघरी आले. नेव्हिल तिथेच होता. त्या लोकांत माणूस गेला की त्याचं नाव घेत नाहीत, त्याचा चेहरा बघत नाहीत, आवाज ऐकत नाहीत. दुखवटा संपला असं घरचे सांगतील तोवर हे पाळायचं. नाहीतर गेलेल्याला धड जाता येत नाही आणि राहिलेल्यांचं दुःख निवत नाही.

डेलमा उभ्या उभ्याच बोलली. "नेव्हिल, बाबांना दाखवू नकोस."

नेव्हिलचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नव्हता, पण त्या घटकेला त्याच्या डोळ्यांपुढे सिडनीचा वितरक होता. तो म्हणाला, "चेहरा नाही दाखवत. पाठमोरे असतील तेवढेच ठेवतो. टोपी आहे ना डोक्यावर."

"आणि चाल कुणाची आहे?"

"बरं, नुसते हात ठेवतो. विस्तवाचं दृश्य. हात कोण ओळखणार?"

क्लॅरीने भिंतीकडे तोंड फिरवलं. डेलमा म्हणाली, "त्या हातांनी मला वाढवलं, आणि तू विचारतोस कोण ओळखणार? त्यांनी तुझ्या डोक्याला घाम लावला होता. पुतण्या म्हणाले तुला. म्हणजे तू माझा भाऊ. मी काही परक्याच्या दारात आले नाही, भावाकडे आले. आता घरच्यासारखं वागायचं की पाहुण्यासारखं, ते तू ठरव."

ती दोघं निघून गेली. नेव्हिल शिवणयंत्रापाशी बसला. खरं सांगतो मित्रांनो, मला त्या क्षणी वाटत होतं, त्याने 'नाही' म्हणावं. मला लोकांनी बघायला हवं होतं. चौऱ्याऐंशी मिनिटं मी कुणीतरी होतो. पण नेव्हिल उठला आणि रीटाला म्हणाला, "काढ सगळं. एक चौकटसुद्धा ठेवू नकोस."

रीटाने तीन दिवस कापलं. काकांची तेवीस मिनिटं तिने एक एक करून काढली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गुंडाळून ठेवली आणि झाकणाला चिकटपट्टी लावली. मी एकसष्ट मिनिटांचा उरलो.

पहिल्या खेळाची संध्याकाळ सांगायला मला अजून जड जातं. पडद्यावर रॉडनी जंगलात कुणाच्या तरी मागून चालत होता, पण पुढे कुणी नव्हतं. त्याचा सदरा काट्यात अडकायचा आणि आपोआप सुटायचा. तो झुडपाकडे बघून म्हणाला, "तुझे उपकार मी विसरणार नाही, मित्रा," आणि सभागृह खो खो हसत सुटलं. मगर कलली तेव्हा कुणीतरी ओरडलं, "तिला बिचारीला आधार द्या रे!" वितरक मध्यंतरातच टोपी उचलून गेला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आलं की या चित्रपटात सर्वांत संयत अभिनय झुडपांचा आहे.

पण मागच्या चार रांगा हसल्या नाहीत. तिथे वस्तीतली माणसं बसली होती. रॉडनीच्या पुढची रिकामी जागा ती शांतपणे बघत होती. ती जागा कुणाची, हे त्या सभागृहात त्यांनाच ठाऊक होतं. खेळ संपल्यावर डेलमा नेव्हिलजवळ आली. तिने त्याच्या नव्या कोटाच्या बाहीला हात लावला आणि गेली. नेव्हिल नंतर रीटाला म्हणाला, "माझा सिनेमा बघताना माणसं श्वास रोखून बसली बरं का. चारच रांगा होत्या, पण बसली."

त्यानंतर माझी उतरती कळा लागली. मोटारीत बसून सिनेमा बघायच्या मैदानांवर मी दुसऱ्या कुठल्यातरी चित्रपटाच्या आधी लागायचो, लोक सॉसेज आणायला गेलेले असताना. दोनदा एका शाळेत लागलो. मग नेव्हिलने मला घरी आणलं आणि खांबांवर उभ्या असलेल्या त्याच्या घराखाली, गवत कापायच्या यंत्राशेजारी ठेवलं. त्या हवेत चपलांनाही बुरशी येते, तिथे माझी काय कथा? मी आंबलो. डबा उघडला की व्हिनेगरचा वास यायचा. माझ्या अंगावरचं चित्र कडेने विरघळत चाललं.

कापलेली तेवीस मिनिटं मात्र सुखात होती. रीटाच्या भावाची केळीची बाग होती, तिथे माल ठेवायची थंड, कोरडी खोली होती. बिस्किटांचा डबा तिने तिथल्या वरच्या फळीवर ठेवला होता. भाऊ दरवर्षी विचारायचा, "हे काय जपून ठेवलंयस गं?" ती म्हणायची, "हात लावू नकोस. बिस्किटं नाहीत त्यात."

नेव्हिल दर ख्रिसमसला एकच प्रश्न विचारायचा. "डेलमा काही बोलली?"

"नाही."

"मग नाही," तो म्हणायचा, आणि विषय संपायचा. घरच्यांनी सांगितल्याशिवाय आपण विचारायचं नाही, हे दोघांनी मनोमन ठरवलेलं होतं. विचारणं म्हणजे त्या दुःखाला घाई करणं, असं त्यांना वाटे. वर्षं गेली. वस्तीतला दुखवटा केव्हाच संपला होता, पण डेलमा आली नाही. नेव्हिलही वारला. जायच्या आदल्या आठवड्यात त्याने रीटाला विचारलं होतं, आणि तिने तेच उत्तर दिलं होतं. त्याच्या घराखालून मला रीटानेच उचलून आणलं, म्हणून मी आज बोलतो आहे.

एकतीस वर्षांनी रीटाच्या भावाने बाग विकली आणि थंड खोली रिकामी करायची वेळ आली. रीटा तेव्हा बाहत्तर वर्षांची होती. डबा कुठे ठेवायचा, हे तिला सुचेना. दोन दिवस तिने तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत जेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती डबा मांडीवर घेऊन वस्तीत गेली.

डेलमा ओसरीवर मासे साफ करत बसली होती. तिचे केस पांढरे झाले होते. रीटा म्हणाली, "मी काही विचारायला आले नाही. नुसती ठेवायला आले. माझ्याकडे आता जागा नाही."

"काय आहे त्यात?"

"तुझे बाबा."

डेलमाच्या हातातली सुरी थांबली. "तू जाळलं नाहीस?"

"जाळू? तू दाखवू नकोस म्हणाली होतीस. जाळ असं कुठे म्हणालीस?"

"अगं, आम्ही सगळं जाळलं की! त्यांचे कपडे, अंथरूण, मासे मारायचा भाला. घराला ओल्या पाल्याची धुरी दिली. मला वाटलं, तूही जाळलं असशील. आमच्यात राहिलीस, तुला माहीत असणार असं धरून चालले मी. आणि जाळलेल्याची चौकशी कोण करतं?"

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

मग डेलमा हसायला लागली, आणि हसता हसता तिने माशांनी बरबटलेले हात तोंडावर घेतले आणि रडायला लागली. "क्लॅरी गेला दोन वर्षांपूर्वी. दुखवटा संपला, आता नाव घेता येतं," ती म्हणाली. "बाबांची हाक त्याला निम्मी यायची आणि मला निम्मी. मधलं आम्हा दोघांनाही आठवायचं नाही. शेवटी शेवटी तो दर रविवारी इथे बसून जुळवायचा. नाही जुळलं. आणि तुझ्या केळ्यांत ती अख्खी पडली होती?"

रीटाने डबा पुढे सरकवला. डेलमाने तो लगेच घेतला नाही. तिने आधी हात धुतले, मग घरातल्या मोठ्यांना बोलावून विचारलं, आणि सगळ्यांनी हो म्हटल्यावर घेतला.

मित्रांनो, दोन दिवसांनी सकाळी वस्तीच्या सभागृहाच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या. शाळेच्या अडगळीतून जुना प्रोजेक्टर आणला. रीटाने तेवीस मिनिटं एका रांगेत जोडली होती. जोड एकही तुटला नाही. पडद्यावर काका आले. मागे रॉडनी होता, पण आता तो कडेला होता आणि मधोमध काका चालत होते. सभागृहात पन्नासेक माणसं होती. त्यांतल्या निम्म्यांनी त्यांना कधी पाहिलेलंच नव्हतं. एक पोरगी आईला म्हणाली, "हे अगदी आपल्या मामासारखे चालतात." आई म्हणाली, "मामा ह्यांच्यासारखा चालतो, बाळा."

हाकेचं दृश्य आलं. डेलमाचे ओठ काकांबरोबर हलू लागले. मधल्या भागाशी ते थांबले आणि ती नुसती ऐकत राहिली. दिवे लागल्यावर ती म्हणाली, "पुन्हा लाव." त्या सकाळी ते दृश्य अकरा वेळा लागलं. सातव्या वेळी तिच्याबरोबर नातवंडंही म्हणू लागली होती.

रीटाने विचारलं, "हे परत त्या सिनेमात जोडू का? जागा माहीत आहेत मला."

"त्या पडक्या सिनेमात?" डेलमा म्हणाली. "एकदा सुटलेत तिथून. पुन्हा कशाला पाठवू?"

मला राग आला नाही. तिचं बरोबर होतं. माझ्यातलं चांगलं तेवढं आपल्या घरी गेलं होतं. त्या तेवीस मिनिटांच्या आता प्रती काढल्या आहेत. मी उरलेला आंबट एकसष्ट मिनिटांचा गडी रीटाच्या कपाटात आहे, आणि माझं आता फार काही राहिलेलं नाही.

त्याच दुपारी सगळे नदीवर गेले. डेलमाच्या कडेवर तिचं आठ महिन्यांचं पणतवंड होतं. नदीला अजून त्याची ओळख करून दिलेली नव्हती, कारण अर्धी हाक घालायला तिचं मन धजत नव्हतं. तिने काखेतला घाम हातावर घेतला, बाळाच्या टाळूवरून फिरवला आणि हाक घातली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधलं काहीही न गाळता. नावांच्या ओळीत तिने क्लॅरी जिथे बसून मासे धरायचा त्या वळणाचं नाव जरा लांबवलं. एक नात फोनवर तिचं चित्रण करत होती.

हाक संपल्यावर डेलमा तिच्याकडे वळली. "मी गेले की हे झाकून ठेवायचं बरं का. बघायचं नाही."

"हो, आजी."

"पण पुसून टाकायचं नाही. आणि कुठे ठेवलंय ते चारचौघांना सांगून ठेव. नुसतं जपू नकोस, सांग."

मित्रांनो, मी तुम्हाला उपदेश काय करणार? माझी लायकी वर्तमानपत्रात छापून आली होती. एवढंच सांगतो, तुमच्या घरीही कुणाचं काही जपून ठेवलेलं असेल, आणि ज्याचं आहे त्याला ते उरलंय हेच माहीत नसेल. त्याला जाऊन सांगा. आजच जा. क्लॅरीला सांगायचं राहून गेलं.